सरूच्या लग्नाची तारीख

रोहा, ३ ऑगस्ट १९९७

काळूदादा,

नमस्कार करते आणि थेट कामाचं लिहिते. फोन केला असता, पण पेणच्या बाररूममध्ये फोन वाजला की सगळे कान टवकारतात, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

गडब गावाजवळच्या जनू आणि मोरू म्हात्रे यांच्या बहिणीचा दावा मी पेणच्या कोर्टात लावते आहे. बहिणीचं नाव सरू. इकडे कोलाडला दिली आहे. वडील गेल्या वर्षी वारले. हमरस्त्याला लागून असलेली वडिलोपार्जित जमीन भाऊ एका कारखान्याला विकायला निघाले आहेत, आणि सरूला तिच्या बरोबरीच्या हिश्शातून काढून टाकलं आहे. चौऱ्याण्णवच्या कायद्यानं मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण बावीस जून चौऱ्याण्णवच्या आधी जिचं लग्न झालं असेल, तिला तो नाही. सरू म्हणते, माझं लग्न सव्वीस जूनला झालं. भाऊ म्हणतात, एकोणतीस मेला. सगळा दावा या एका तारखेवर उभा आहे.

जनूभाऊ तुमचे शाळेपासूनचे मित्र, म्हणजे ते तुमच्याकडेच येणार. एकच विनंती. वकीलपत्रावर सही करण्याआधी नीट विचार करा. गुप्तेसाहेब असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

वहिनींना नमस्कार.

चंद्रावती


पेण, ९ ऑगस्ट १९९७

चंद्रावती,

पत्र मिळालं. अक्षर अजून गुप्तेसाहेबांच्या वळणाचंच आहे. तू त्यांच्याकडून काय काय नेलंस याचा हिशोब करायचा, तर अक्षरही त्यात धरावं लागेल.

तिथल्या साप्ताहिकात तुझा फोटो पाहिला. कोलाडच्या कायदा शिबिरात माइक धरून उभी आहेस, समोर शंभरेक बाया. कोर्टाबाहेरच्या चहावाल्यानं ते पान जपून ठेवलं होतं, मुद्दाम मला दाखवायला. "तुमची ज्युनियर मोठी झाली वकीलसाहेब," म्हणाला. मी म्हटलं, व्हय. चहा तसाच ठेवून उठलो.

जनू आणि मोरू काल आले. मी सही केली.

"नीट विचार करा" म्हणजे काय गो? एकोणीस वर्षं या कोर्टात उभा आहे मी. खाडीकाठच्या मिठागरातून आलेला पहिला वकील. माझ्या बापानं आयुष्यभर मीठ ओढलं. मला सही करायला रोह्याहून परवानगी लागेल, अशी वेळ अजून आलेली नाही. तुला माझी भीती वाटत असेल तर तसं सरळ लिही. आणि लग्न कधी झालं म्हणशील, तर पक्षकार सांगेल ती तारीख. मी वकील आहे, मुहूर्त काढणारा भटजी नाही.

गुप्तेसाहेबांचं नाव काढलंस म्हणून एक सांगतो. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. तू चार. तरी जाता जाता त्यांनी सगळी पुस्तकं तुला दिली. ती टेंपोत भरून रोह्याला निघाली, तेव्हा वरच्या दोऱ्या मीच आवळून बांधल्या होत्या. तू पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होतीस. तुझ्या लक्षात नसेल.

कोर्टात भेटू.

काळुराम घरत


रोहा, २८ सप्टेंबर १९९७

काळूदादा,

दोऱ्या लक्षात आहेत. तुम्ही माझ्याशी एक शब्द न बोलता गाठी मारत होता, तेही लक्षात आहे. पुस्तकं मी मागितली नव्हती. साहेबांनी मलाच का दिली, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. कधीही या आणि घेऊन जा, मी खरंच म्हणते आहे.

जमिनीच्या विक्रीला मनाई मिळाली, ते तुमच्यासमोरच झालं. कोर्टानं दावा लवकर चालवायचं ठरवलं, हे दोन्ही बाजूंना बरं. तुमच्या पक्षकारांनी लग्नाची छापील पत्रिका दाखल केली. पत्रिका खरी आहे. तीवर छापलेली एकोणतीस मे ही तारीखही खरी आहे. फक्त त्या दिवशी लग्न झालं नाही. सरूच्या सासऱ्यांचे सख्खे भाऊ चोवीस मेला वारले, सुतक आलं, लग्न महिनाभर पुढं गेलं. त्यांच्या मृत्यूचा ग्रामपंचायतीचा दाखला मी जोडला आहे. नवीन पत्रिका कुणी छापल्या नाहीत, तोंडी निरोप गेले. लग्नाची नोंद केली नाही. लग्न लावणारे भटजी आता हयात नाहीत. फोटोंवर तारीख नाही.

म्हणजे जे त्या मांडवात होते त्यांनीच सांगायचं उरलं. त्यांतल्या एखाद्याला तरी खरं बोलावंसं वाटेल, अशी मला आशा आहे.

चंद्रावती


पेण, १८ जानेवारी १९९८

चंद्रावती,

शुक्रवारी तू शेवटच्या एसटीला धावलीस म्हणून बोलणं झालं नाही. नाहीतर तुझ्या तोंडावर सांगणार होतो.

सरू बाळंतीण म्हणून कोर्टाची परवानगी काढून तू तिच्या दिराची, कान्हूची, साक्ष आधी घेतलीस. चूक केलीस. माझे तीन प्रश्न त्याला पुरले. "लग्नाचा वार कोणता?" म्हणाला, "रविवार." "पत्रिकेवरच्या एकोणतीस मेला वार कोणता छापलाय?" त्यानं पाहिलं, तिथंही रविवार. "मग लग्न मे महिन्यात की जूनमध्ये?" बिचारा घामाघूम झाला. "मे काय नि जून काय साहेब, गरमी लय होती." सगळं कोर्ट हसलं. मागच्या बाकावर आमच्या बारची नवी पोरं मुद्दाम ऐकायला बसली होती. तू खाली मान घालून लिहीत होतीस. तू काय लिहीत होतीस, हे मला फार पाहावंसं वाटलं.

घरी येऊन इंदूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही खटला जिंकताय का चंद्रावतीला हरवताय?" मी म्हटलं, दोन्ही एकच आहे.

पण तुझंही नशीब बघ. एवढं झाल्यावर जज्जसाहेब उठताना काय म्हणाले? "वादीच्या वकिलांनी कायद्याचे मुद्दे फार नेटके मांडले आहेत." माझी उलटतपासणी त्यांनी ऐकलीच नव्हती जणू.

शहाणी असशील तर तडजोड कर. माहेरची साडीचोळी आणि आली-गेली तर राहायला एक खोली, एवढं मी जनूकडून मिळवून देतो. हे उपकार म्हणून लिहितोय.

काळुराम


रोहा, २५ जानेवारी १९९८

काळूदादा,

तडजोडीचं सरूला सांगितलं. ती म्हणाली, "साडी माजा नवरा आनतो. मना माज्या बापाचा वाटा पायजे." तेव्हा तडजोड नाही.

अकरा मार्चला तिची साक्ष आहे. कान्हूला विचारलंत तसं तिला विचारू नका. अंगावर पिणारं मूल आहे.

चंद्रावती


पेण, १२ मार्च १९९८

चंद्रावती,

हे पत्र तू फाडून टाकशील, तरी आधी वाच.

काल मी सरूला पाऊण तास उभं केलं. पत्रिका तिच्या हातात दिली. "ही तुझ्याच लग्नाची ना?" "व्हय." "ही तारीख तुझ्या बापानंच छापली ना?" "व्हय. पर त्या दिशी लगीन नाय झाला." मी आवाज चढवला. "शपथेवर खोटं बोलतेस! तुझ्याकडे एक तरी परका साक्षीदार आहे, जो सांगेल की लग्न जूनमध्ये झालं?" हा प्रश्न आपल्या धंद्यात कुणी विचारत नाही. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही, हे मीच तुला शिकवलेलं. पण मला उत्तर माहीत होतं आणि ती ते देणार नाही याची खात्रीही होती, कारण ती बावरली आहे असं मला वाटत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. तू तुझ्या जागेवरून तिच्याकडे बघत होतीस. ती म्हणाली, "नाय." बस, एवढंच. मी खाली बसलो तेव्हा जिंकलो होतो.

मधल्या सुट्टीत बाहेर आलो. ती पायरीवर मुलाला घेऊन बसली होती. मला बघून पदर सावरला आणि म्हणाली, "जेवलास का, दादा?" मी पायरी उतरू लागलो. ती म्हणाली, "रागावू नको. मी तुजा नाव घेनार व्हते. पर वकीलबाय पयल्यापासून बोलल्या, काळूदादाचा नाव कोर्टात घ्यायचा नाय. म्हनून गप ऱ्हायले."

पहिल्यापासून!

म्हणजे तुला ऑगस्टपासून माहीत होतं. त्या मांडवात मी होतो. सव्वीस जून, रविवार, जनूच्या अंगणात धोतर खोचून मी पंगतीत भात वाढला. दुसऱ्या दिवशी अलिबागला माझं अपील होतं. हाताची हळद गेली नव्हती, म्हणून कोट घालताना बाही खराब झाली. चौऱ्याण्णवच्या माझ्या कोर्टाच्या डायरीत त्या रविवारच्या पानावर "सरूचे लग्न" असं माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. जनू पहिल्यांदा आला, तेव्हा ती डायरी मी कपाटातून काढली, पाहिली आणि परत ठेवली. मग सही केली. त्यानं मला खोटं बोलायला सांगितलं म्हणून नव्हे, समोर तू होतीस म्हणून. तुला पेणच्या कोर्टात, माझ्या कोर्टात, लोकांसमोर पाडायचं होतं. दुसरं काही मला दिसत नव्हतं.

आणि तू मला झाकत होतीस! मी इथं छाती काढून फिरत होतो आणि तू रोह्यात बसून माझी इज्जत सांभाळत होतीस. मला किती चीड आली ते तुला कळणार नाही. सरूची लाज वाटायला हवी होती. आधी तुझीच चीड आली. इथंही तूच मोठी ठरलीस. पुस्तकं तुला, फोटो तुझा, जज्जांची शाबासकी तुला, आणि आता दयाही तुझीच. मला वाचवणारी तू कोण?

दुपारनंतर मी कोर्टात परत गेलो नाही, निरोप धाडून पुढची तारीख मागून घेतली. संध्याकाळी जनूला बोलावून सांगितलं, मी या खटल्यातून बाहेर पडतोय, दुसरा वकील बघ. म्हणाला, "अरे, आपन जिंकलाव ना!" मी म्हटलं, "मी त्या मांडवात होतो, जनू. जो वकील स्वतःच साक्षीदार आहे, त्यानं तो खटला चालवायचा नसतो. मी घ्यायलाच नको होता." तो म्हणाला, "तू आमचा का तिचा?" मी म्हटलं, "मी कुनाचाच नाय." त्यानं फायली उचलल्या आणि दाराशी थांबून म्हणाला, "आमच्या पंगतीत जेवलास त्याचे असे पांग फेडतोस?"

वकीलपत्र काढून घ्यायचा अर्ज आज दिला आहे. कोर्टाची मंजुरी मिळाली की मला साक्षीचं समन्स काढ. जनूनं मला ऑफिसात जे सांगितलं, त्यातलं एक अक्षर बोलणार नाही, ते बोलायचा मला हक्क नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगेन. डायरी घेऊन येईन.

उपकाराचं पत्र पाठवू नकोस.

काळुराम


रोहा, १७ मार्च १९९८

दादा,

पत्र फाडलं नाही. उपकारही मानत नाही. तुम्ही मला दयाळू ठरवलंत, ते मात्र खोडून काढायला हवं.

सरूनं पहिल्याच भेटीत तुमचं नाव सांगितलं होतं. तेव्हाच मी तुम्हाला साक्षीदार केलं असतं, तर तुम्हाला सहीच करता आली नसती. मी तिला सांगितलं, वकिलाला पिंजऱ्यात ओढलं तर कोर्ट नाराज होतं. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की मला तुम्ही समोर हवे होता. तुमच्या साक्षीनं नव्हे, माझ्या युक्तिवादानं तुम्हाला हरवायचं होतं.

मी इथं कितीही चांगलं काम केलं, तरी पेणचा माणूस म्हणतो, "कायदा बाईंना येतो, पण उलटतपासणी काळू घरतची." कान्हूला तुम्ही गुंडाळलंत, तेव्हा मी काय लिहीत होते ते विचारलंत ना? तुमचे प्रश्न. शब्दन् शब्द. घरी येऊन दोनदा वाचले. असा प्रश्न मला का सुचत नाही, म्हणून जेवण गेलं नाही. साहेबांनी मला पुस्तकं दिली, कारण माझ्याकडून तेवढंच होणार होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. जे पुस्तकात नव्हतं ते तुम्हाला दिलं.

आणि या हट्टापायी मी सरूचा वाटा पणाला लावला. ती पिंजऱ्यात "नाय" म्हणाली, ते माझ्या सांगण्यावरून. तुम्ही बाहेर पडला नसता, तर ती हरली असती आणि मला दोष देणारं कुणीच नसतं, कारण कुणाला कळलंच नसतं. काल मी कोलाडला जाऊन तिला हे सांगितलं. ती वाल सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी दोघा वकील मानसा, पन मना कुनी नाय इचारला."

समन्स काढते आहे.

चंद्रावती


रोहा, ३० नोव्हेंबर १९९८

दादा,

आज निकाल लागला. तुम्ही कोर्टात दिसला नाहीत, म्हणून लगेच लिहिते. सरूला भावांच्या बरोबरीनं तिसरा हिस्सा मिळाला. कोर्टानं लग्नाची तारीख सव्वीस जून धरली.

तुमच्याविषयीचा परिच्छेद मी निकालपत्रातून उतरवून पाठवते आहे. तुमच्या साक्षीच्या दिवशी मी तुमच्याकडे नीट बघूही शकले नव्हते.

"प्रतिवादींच्या नव्या वकिलांनी या साक्षीदाराला सुचवले की, वादीच्या वकील त्याच्या जुन्या सहकारी असल्याने तो त्यांच्या भल्यासाठी खोटे बोलत आहे. त्यावर साक्षीदाराने उत्तर दिले : 'नाही. त्या हरल्या असत्या तर मला आनंद झाला असता. मला त्यांचा हेवा वाटतो. बारा वर्षे वाटतो आहे. वकीलपत्र मी त्यापायीच घेतले. पण लग्न सव्वीस जूनला झाले, आणि मी तिथे होतो.' भरल्या न्यायालयात स्वतःविषयी असे बोलणारा साक्षीदार या न्यायालयाने पूर्वी पाहिलेला नाही. ज्या पक्षाचा पराभव व्हावा असे साक्षीदाराला वाटते, त्याच पक्षाच्या बाजूने तो साक्ष देतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचे कारण उरत नाही. त्याच्या डायरीतील नोंद व मृत्यूचा दाखला या साक्षीला दुजोरा देतात."

पुढच्याच परिच्छेदात त्यांनी लिहिलं आहे की, हा साक्षीदार सुरुवातीलाच पुढं आला असता, तर सर्वांचा वेळ वाचला असता. ते आपल्या दोघांनाही लागू आहे.

सरू निकाल ऐकून रडली नाही. जनूभाऊ समोरून गेले, तेव्हा त्यांना म्हणाली, "भातकापनीला येते." ते थांबले नाहीत.

चंद्रावती


पेण, ६ डिसेंबर १९९८

चंद्रावती,

परिच्छेद वाचला. इंदूलाही वाचून दाखवला. वीस वर्षांत कुठल्या निकालपत्रात माझी एवढी दखल कुणी घेतली नव्हती. घेतली ती तुझ्या खटल्यात, आणि माझ्या वाईट बुद्धीचा पुरावा म्हणून. हसावं का काय ते कळत नव्हतं. इंदू मात्र हसली.

इथली हालहवाल सांगतो. जनू बोलत नाही. बाजारात समोर आला की दुकानात शिरतो. चाळीस वर्षांची दोस्ती होती, ती गेली, आणि ती मीच घालवली, कारण पहिल्याच दिवशी "माझ्याकडे नको" एवढं म्हणायचं होतं. गडबकडच्या चार पक्षकारांनी कागद परत नेले. बाररूममध्ये मी गेलो की बोलणं थांबतं. एकानं विचारलं, "काय काळूशेठ, अजून वाटतो का हेवा?" मी म्हटलं, वाटतो. खोटं कशाला बोलू, आता तर ते रेकॉर्डवर आहे. तुझं पत्र आलं की आधी पाकिटावरचं "ॲडव्होकेट" वाचतो आणि छातीत काहीतरी टोचतंच. पण तूही माझे प्रश्न घरी नेऊन वाचतेस, हे कळल्यापासून टोचणं जरा कमी झालंय. साहेबांनी दोघांना वाटून दिलं असेल, तर आपण दोघंही अर्धेच वकील आहोत.

आता खरी बातमी. परवा ऑफिसात एक बाई आली, तोंडावर पदर ओढून. पदर बाजूला केला तर मोरूची बायको, रंभा. मला वाटलं, जाब विचारायला आली. खुर्चीवर बसली नाही, उभ्या उभ्या म्हणाली, "माजा माहेर जिते गावाला. बापाची जमीन हाय. तिघा भाऊ हायत. बाप दोन वर्सांमागं गेला." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "माजा लगीन पंच्याण्णवला झाला. सरूवन्संच्या निकालाचा ऐकला, तवापासून झोप नाय." मी विचारलं, "मोरूला माहीत आहे का तू इथं आलीस ते?" म्हणाली, "त्यानीच धाडला. म्हनाला, बहिनीला द्यावा लागला, तर बायकोचा तरी आनावा."

मी इतका हसलो, की शेजारचा टायपिस्ट डोकावला. तीही हसली आणि मग बसली.

तिच्या लग्नाची नोंद आहे, दाखला घेऊन आली होती. डायरी बघून वकीलपत्रावर सही केली; या खेपेला तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं. तिचे भाऊ घाबरलेत. पेणमध्ये नको, रोह्याची बाई गाठा, असं त्यांनी ठरवलंय म्हणे. येत्या आठवड्यात तुझ्याकडे येतील. कायद्यानं तुझी बाजू लंगडी आहे, तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे.

नाही म्हणू नकोस. मला तू समोर हवी आहेस.

काळूदादा